पहिला वर की पहिला खाली?

२४ सप्टेंबर २०२३ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली. इटलीच्या मार्को बेझेकीने डुकाटीवर ती जिंकली. किलोमीटरभर लांबीच्या सरळ पट्ट्यावर ताशी तीनशेच्या पुढे गेलेल्या गाड्या, वळणावर जमिनीला टेकणारे गुडघे आणि कोपरं, कानठळ्या बसवणारा आवाज, या सगळ्यात रायडरच्या डाव्या पायाकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नसेल. त्या पायाने वेग वाढवताना बहुतेक जण गिअरचा लिव्हर खाली दाबत होते. पहिल्याचा दुसरा, दुसऱ्याचा तिसरा, थेट सहाव्यापर्यंत प्रत्येक वेळी चवडा खाली. वळण जवळ आलं, ब्रेक लागले, की मात्र बोटं लिव्हरखाली घालून तो वर उचलायचा.

शोरूममधून आपण जी पल्सर, ड्यूक किंवा आजची क्लासिक ३५० घेतो, तिच्यावर याच्या बरोबर उलट असतं. पहिला गिअर खाली दाबून पडतो, बाकीचे वर. शर्यतीच्या जगात या उलट्या मांडणीला ‘जीपी शिफ्ट’ किंवा ‘रेस शिफ्ट’ म्हणतात. गाडीवेड्या तरुणांच्या गटांत तिच्याविषयी मोठं कुतूहल असतं. ‘एक खाली, पाच वर’ ठेवायचं की ‘एक वर, पाच खाली’ करून घ्यायचं, यावर हिरिरीने वाद होतात.

या वादात एक गोष्ट सहसा येत नाही. मोटोजीपीच्या गाडीत न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मधे नसतो, तो पहिल्याच्याही अलीकडे, अगदी टोकाला असतो. म्हणजे क्रम असा: न्यूट्रल, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि गिअर वाढवायला लिव्हर दाबायचा. हाच क्रम आणि हीच दिशा देशातल्या सर्वाधिक खपाच्या मोटरसायकलवर, हीरोच्या स्प्लेंडरवर आहे. तिच्यात गिअर चार, एवढाच फरक. न्यूट्रलमधून चवड्याने दाबत गेलं की एक, दोन, तीन, चार. ज्या मांडणीला आज ‘उलटी’ म्हटलं जातं, तिच्यावर या देशात लाखो पाय घडले आहेत. त्यामुळे कोणती मांडणी सुलटी आणि कोणती उलटी, हा प्रश्न आपल्याकडे युरोप-अमेरिकेपेक्षा वेगळ्या रीतीने उभा राहतो, आणि तो शर्यतीच्या ट्रॅकपेक्षा घरच्या अंगणात जास्त महत्त्वाचा ठरतो.

गिअरबॉक्सला दिशा माहीत नसते

मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये एक दंडगोल असतो, त्याला शिफ्ट ड्रम म्हणतात. त्याच्या अंगावर नागमोडी खाचा कोरलेल्या असतात आणि त्या खाचांत शिफ्ट फोर्कच्या पिना अडकलेल्या असतात. ड्रम थोडा फिरला की खाचेच्या वळणाप्रमाणे फोर्क डावी-उजवीकडे सरकतात, गिअरची चक्रं सरकवतात आणि एक जोडी सुटून दुसरी जुळते. पाय फक्त या ड्रमला एक टप्पा पुढे किंवा एक टप्पा मागे फिरवतो. मोटारीत जसं चौथ्यावरून सरळ दुसऱ्यात येता येतं, तसं इथे येता येत नाही. तिसऱ्यातूनच जावं लागतं.

लिव्हरपासून ड्रमपर्यंतचा रस्ताही साधा आहे. इंजिनच्या बाहेर डोकावणारा गिअर शाफ्ट एका बाजूला फिरला की गिअर वाढतो, दुसऱ्या बाजूला फिरला की उतरतो. त्या शाफ्टला पायाची कोणती हालचाल कोणत्या बाजूला फिरवते, हे बाहेरच्या जोडणीवर अवलंबून असतं. आत काहीही बदलत नाही.

न्यूट्रलची जागा मात्र आतच, ड्रमवर ठरलेली असते, आणि तिचे परिणाम रोज जाणवतात. न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मधे असेल तर सिग्नलला तो शोधावा लागतो. हलकासा अर्धा टप्पा द्यायचा, जोर जास्त झाला की गाडी थेट दुसऱ्यात. पण घाईत लिव्हर दाबत गेलं की पाय पहिल्या गिअरवरच येऊन थांबतो, त्याच्या खाली काही नसतं. न्यूट्रल टोकाला असेल तर सिग्नलवर सोपं. टाच मारत राहायचं, शेवटी न्यूट्रल येणारच. पण उतारावर गिअर उतरवताना एक टाच जास्त पडली की गाडी न्यूट्रलमध्ये जाते आणि इंजिनचा रोध नाहीसा होतो. शहरात दिवसभर थांबत-निघत जाणाऱ्याला एक मांडणी सोयीची, घाटात जाणाऱ्याला दुसरी.

हातातून पायात

सुरुवातीच्या मोटरसायकलींवर गिअर हाताने बदलत. पेट्रोलच्या टाकीच्या बाजूला लांब दांडा असे. एक हात हँडलवरून काढायचा, दांडा योग्य खाचेत सरकवायचा आणि हात पुन्हा जागेवर आणायचा. शर्यतीत हे फार महागात पडे. इंग्लंडमधल्या व्हेलोसेट कंपनीचे हॅरल्ड विलिस यांनी १९२८ च्या सुमारास पायाने चालणारी एक युक्ती काढली. लिव्हर एकदा हलवला की एकच गिअर बदलणार आणि पाय सोडला की लिव्हर आपोआप मधल्या जागी परतणार. पुढचा दाब किंवा उचल पुन्हा त्याच जागेवरून. पायाने गिअर बदलायची आजची जवळजवळ प्रत्येक मोटरसायकल याच तत्त्वावर चालते.

तत्त्व एक झालं, पण दिशा ज्याची त्याने ठरवली. ब्रिटिश कंपन्यांनी गिअर उजव्या पायाखाली ठेवला आणि ब्रेक डाव्या. त्यातही ट्रायम्फचा पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर, तर नॉर्टन आणि रॉयल एनफिल्डचा पहिला वर आणि बाकीचे खाली. जपानी कंपन्यांनी गिअर डावीकडे आणला. हार्ले-डेव्हिडसनच्या घरातच दोन तऱ्हा होत्या. मोठ्या गाड्यांना डाव्या पायाचा गिअर, तर स्पोर्टस्टरला उजव्या. एका कंपनीची गाडी चालवणारा दुसऱ्या कंपनीच्या गाडीवर बसला की पायाला सगळं नव्याने शिकवावं लागे. आणीबाणीच्या क्षणी तो ब्रेक समजून गिअर दाबण्याची शक्यता फार मोठी होती.

हा गोंधळ अमेरिकेने कायद्याने संपवला. तिथल्या संघराज्य सरकारचं मोटरसायकलच्या नियंत्रणांविषयीचं १२३ क्रमांकाचं सुरक्षा मानक १ सप्टेंबर १९७४ पासून लागू झालं. गिअर डाव्या पायाने, मागचा ब्रेक उजव्या पायाने. बोटांनी लिव्हर वर उचलला की गिअर वाढला पाहिजे, दाबला की उतरला पाहिजे. तीन किंवा अधिक गिअर असतील तर सर्वांत वरच्या गिअरमधून थेट सर्वांत खालच्यात जाता येता कामा नये.

अमेरिकेची बाजारपेठ एवढी मोठी होती की जगाला वळावं लागलं. नॉर्टनने १९७५ च्या ८५० कमांडो मार्क-३ वर गिअर डावीकडे नेला. त्याच वर्षी स्पोर्टस्टरनेही तेच केलं. मूळ रचना उजव्या पायाची असल्याने सुरुवातीला कित्येक गाड्यांत इंजिनच्या पलीकडून दांडे ओढून आणावे लागले. पायाला मिळणारी ती नेमकी ‘खट्’ त्यात हरवली आणि अनेक रसिकांनी नाकं मुरडली. पण आज पन्नास वर्षांनंतर जगात कुठेही मोठी मोटरसायकल भाड्याने घेतली तरी पहिला गिअर कुठे सापडेल याची खात्री असते, ती त्या नियमामुळे.

म्हणजे ‘एक खाली, बाकी वर’ ही मांडणी शरीराला सर्वांत सोयीची आहे असं कोणी सिद्ध करून ती ठरलेली नाही. सगळ्यांनी एकच काहीतरी पाळावं म्हणून ती ठरली. तिचा सगळ्यात मोठा गुण हाच की ती सगळीकडे सारखी आहे.

आपल्या अंगणातल्या तऱ्हा

भारतात मात्र हा सारखेपणा कधी नीट आलाच नाही.

मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरला बनणारी एनफिल्ड बुलेट ब्रिटिश वळणाची होती आणि विलायतेत कंपनी बंद पडल्यावरही ती तशीच राहिली. उजव्या पायाखाली चार गिअर, पहिला वर, बाकी तीन खाली. मागचा ब्रेक डाव्या पायाखाली. शिवाय टाचेजवळ एक छोटा वेगळा लिव्हर, न्यूट्रल फाइंडर. दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये असताना क्लच दाबून त्याच्यावर टाच मारली की गाडी थेट न्यूट्रलमध्ये. सातारा-सांगलीपासून पंजाबपर्यंत बुलेटवाल्यांची एक अख्खी पिढी या उजव्या गिअरवर पोसली गेली. पुढे कंपनीने पाच गिअरची डाव्या पायाची रचना आणली आणि २००९ च्या सुमारास नव्या इंजिनाच्या क्लासिकबरोबर जुना उजवा गिअर मागे पडला. पण जुन्या बुलेट अजून धावतात, विकल्या जातात, हौसेने दुरुस्त होतात. क्लासिकवर घडलेला मुलगा आजोबांच्या बुलेटवर बसला की त्याचा उजवा पाय ब्रेक शोधायला जातो आणि गिअरवर पडतो.

म्हैसूरच्या आयडियल जावाची येझदी आणखी वेगळी. तिचा गिअरचा लिव्हर आणि किक एकच. किक मारायची, मग तोच लिव्हर पुढे वळवून त्याच्याने गिअर टाकायचे. गिअर बदलताना लिव्हरच क्लच सोडवत असे, त्यामुळे हात न लावता गिअर पडत.

पुण्याच्या आकुर्डीत १९७२ पासून बनणाऱ्या बजाज चेतकचे गिअर डाव्या मनगटात होते. क्लच दाबून मूठ वर फिरवली की पहिला, खाली फिरवत गेलं की न्यूट्रल ओलांडून दुसरा, तिसरा, चौथा. मराठी मध्यमवर्गाच्या कित्येक घरांत वडिलांची ही स्कूटर आणि मुलाची यामाहा आरएक्स १०० शेजारी उभी असे. एकीचा गिअर हातात, दुसरीचा पायात. ही सवयींची सरमिसळ तितकी धोक्याची नव्हती, कारण दोन वाहनं मुळातच इतकी वेगळी होती की शरीर त्यांची गल्लत करत नसे. गल्लत होते ती दोन गाड्या दिसायला सारख्या आणि चालायला उलट असतात तेव्हा.

ती वेळ १९८५ मध्ये हीरो होंडा सीडी १०० आली तेव्हापासून सुरू झाली. तिच्यावर सगळे गिअर चवड्याने पुढे दाबून पडत. ही दिशा होंडाच्या सुपर कबची. १९५८ मध्ये आलेल्या त्या छोट्या गाडीला क्लचचा लिव्हरच नव्हता, कारण एका हातात सामान धरून पोहोचवणाऱ्या पोऱ्यालाही ती चालवता यावी अशी सोइचिरो होंडांची अट होती. पुढे दाबायचं, मागे टाचेने दाबायचं, बोटांनी उचलायचं काहीच नाही. साध्या वहाणेत किंवा चपलेत चालवणाऱ्यांसाठी हे वरदान ठरलं. २०१७ मध्ये सुपर कबच्या मालिकेने दहा कोटी गाड्यांचा टप्पा ओलांडला.

सीडी १०० नंतर १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, तिच्यापाठोपाठ तिच्याच घरातल्या इतर शंभर सीसीच्या गाड्या. बजाजची सीटी १०० आणि प्लॅटिना १०० याच ‘सगळे खाली’ वाटेने गेल्या. त्याच कंपनीची २००१ मधली पल्सर मात्र ‘एक खाली, बाकी वर’. म्हणजे पुण्याच्या एकाच कंपनीच्या दोन गाड्या, एकाच दुकानात शेजारी उभ्या, आणि त्यांच्यात गिअर वाढवण्याच्या दिशा परस्परविरुद्ध.

पल्सर १५० किंवा क्लासिक ३५० वर पुढे-मागे दोन टोकांचा, टाच-चवड्याचा लिव्हर असतो. इथे गल्लत आणखी पक्की होते. प्लॅटिनावर चवड्याने दाबलं की गिअर वाढतो, टाचेने दाबलं की उतरतो. पल्सरवर चवड्याने दाबलं की उतरतो, टाचेने दाबलं की वाढतो. लिव्हरचा आकार जवळजवळ तोच, पायाची जागा तीच, हालचालही तीच. फळ मात्र उलट.

ज्या गाड्यांना फक्त पुढचा लिव्हर असतो, त्यांच्या स्वाराची ओळख डाव्या बुटावरून पटते. बोटांच्या वर, लेसच्या अलीकडे, काळपट आडवा पट्टा. उजवा बूट चकचकीत, डाव्याचं पॉलिश तेवढ्याच जागी उडालेलं. पावसाळ्यात गमबूट घातला की त्याचा जाड पुढचा भाग फूटरेस्ट आणि लिव्हरच्या मधल्या जागेत जेमतेम शिरतो, आणि गिअर वर उचलणं हे खरोखर कष्टाचं काम होतं. ‘सगळे खाली’ मांडणी आपल्याकडे टिकली, त्याला ही कारणं आहेत. ती मागासलेली रचना नाही, हवामान आणि पादत्राणं पाहून टिकलेली रचना आहे.

शर्यतीत उलट का?

शर्यतवाल्यांची कारणं वेगळी आहेत, आणि ती शरीराशी निगडित आहेत.

पहिलं कारण झुकावाचं. मोटोजीपीची गाडी वळणावर साठ अंशांहून जास्त झुकते. डाव्या वळणावर गाडी डावीकडे आडवी झाली की लिव्हर आणि डांबर यांच्यातलं अंतर फार थोडं उरतं. वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडायचा असतो आणि गिअर वाढवायचा असतो, तेही गाडी अजून आडवी असतानाच. त्या क्षणी बूट लिव्हरच्या खाली घालायचा म्हणजे बुटाचं टोक जमिनीला घासणार. उलट मांडणीत पाय लिव्हरच्या वरच असतो, तो फक्त दाबायचा. जर्मनीतल्या साक्सनरिंगवर १३ वळणांपैकी १० डावी आहेत. तिथे हा फरक प्रत्येक फेरीत दहा वेळा समोर येऊ शकतो.

दुसरं कारण बळाचं. गाडी जोरात पुढे झेपावते तेव्हा शरीर मागे फेकलं जातं. त्या अवस्थेत पायाची बोटं वर ओढण्यापेक्षा पाऊल खाली रेटणं सोपं आणि जलद. ब्रेक लागतात तेव्हा उलट होतं. अंग पुढे येतं, भार मनगटांवर जातो, पाय हलका होतो, आणि गाडी बहुतेक वेळा सरळ उभी असते. तेव्हा लिव्हर उचलायला जागा असते आणि अवसरही.

तिसरं कारण चुकीच्या किमतीचं. शर्यतीत सर्वांत महागात पडते ती गिअर वाढवतानाची चूक. गिअर अर्धवट पडला आणि मधेच फसवा न्यूट्रल लागला तर पूर्ण ताकदीचं इंजिन एकदम मोकळं सुटतं. ठाम दाब दिला की गिअर पक्का बसतो. हेच भय लक्षात घेऊन मोटोजीपीत न्यूट्रल पहिल्याच्या अलीकडे ठेवतात आणि तो चुकून लागू नये म्हणून हँडलवर त्याच्यासाठी वेगळा छोटा लिव्हर देतात.

यंत्रांनी यातला काही भार हलका केला आहे. क्विकशिफ्टरमुळे क्लच न दाबता, थ्रॉटल न मिटता गिअर वाढवता येतो. होंडाने २०११ मध्ये मोटोजीपीत आणलेल्या सीमलेस गिअरबॉक्समध्ये तर एका गिअरमधून दुसऱ्यात जाताना मागच्या चाकाचा जोर जवळजवळ तुटतच नाही. पण झुकावाचा प्रश्न कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सने सुटत नाही. बूट आणि डांबर यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं.

शर्यतीत गाडी माणसाला जुळवून घेते, हेही इथे विसरता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या मिक डूहनचा उजवा पाय १९९२ मध्ये असेनच्या अपघातात इतका जायबंदी झाला की घोट्याची हालचाल जवळजवळ गेली. मागचा ब्रेक पायाने लावणं अशक्य झाल्यावर तो डाव्या हँडलवर अंगठ्याने चालवण्याची सोय त्याच्या गाडीवर केली गेली. पुढे १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षं तो ५०० सीसीचा जगज्जेता झाला. नियंत्रणं कुठे असावीत याचं एकमेव शास्त्र नाही. ज्याची त्याची गरज असते, आणि ती गरज खरी असावी लागते.

एका बोल्टचं काम

बदल करायला किती लागतं? ज्या गाडीचा लिव्हर फूटरेस्टजवळ बसवलेला असतो आणि एका सळईने गिअर शाफ्टला जोडलेला असतो, तिच्यावर फार थोडं.

शाफ्टच्या टोकाला दातेरी खाचा असतात, त्यांवर एक छोटा हात बसवलेला असतो आणि एका बोल्टने आवळलेला असतो. तो बोल्ट सोडवायचा, हात ओढून काढायचा, उलटा करून पुन्हा बसवायचा. आधी तो शाफ्टच्या खाली लटकत असेल तर आता वर उभा राहतो. सळई त्याच दिशेने ओढली तरी शाफ्ट आता विरुद्ध बाजूला फिरतो. मग सळईची लांबी तिच्या दोन्ही टोकांच्या आट्यांनी जुळवून लिव्हरची उंची पायाला नीट बसवायची, लॉकनट घट्ट करायचे, आणि गाडी मधल्या स्टँडवर घेऊन, मागचं चाक हाताने फिरवत, सगळे गिअर वर-खाली करून पाहायचे. हात उलटा केल्यावर तो किंवा सळई फ्रेमला, इंजिनच्या कव्हरला, सायलेन्सरला अडकत नाही ना, हे तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही. बीएमडब्ल्यूच्या एस १००० आरआर सारख्या काही गाड्यांत ही उलटापालट सहज व्हावी अशी सोय कंपनीनेच ठेवली आहे.

क्विकशिफ्टर असेल तर एक पायरी वाढते. त्याचा सेन्सर सळईवरचा ताण किंवा दाब ओळखतो. दिशा उलटली की जिथे ओढ होती तिथे रेटा येतो. सेन्सर दोन्ही बाजूंनी काम करणारा नसेल किंवा त्याची सेटिंग बदलली नसेल, तर गिअर वाढवताना इंजिन क्षणभर थांबायला हवं ते थांबत नाही, आणि गिअरच्या दातांवर मार बसतो.

ज्या गाडीचा लिव्हर थेट शाफ्टवरच बसलेला असतो, तिथे उलटवायला काही नसतं. त्यासाठी वेगळे मागे सरकवलेले फूटरेस्ट आणि नवी जोडणी लागते. वेल्डिंग करून कसातरी जुगाड केलेला लिव्हर हा मार्ग नव्हे. गिअरचा लिव्हर घाटात तुटला तर गाडी ज्या गिअरमध्ये आहे त्याच गिअरमध्ये अडकते.

पाय विचार करत नाही

काम सोपं आहे, म्हणूनच सावध राहायला हवं. बोल्ट दहा मिनिटांत उलटतो, सवय उलटायला फार वेळ लागतो. आणि ती उलटली असं वाटल्यावरही, दचकण्याच्या क्षणी जुनी सवयच आधी बाहेर येते.

दचकण्याचा क्षण कसा असतो? जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर किंवा ताम्हिणीत गाडी ताशी ६० किलोमीटरने उतारावर आहे. म्हणजे एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त. वळणापलीकडे ट्रक आडवा दिसतो. हात ब्रेकवर जातात, पाय गिअर उतरवायला जातो. पायाला शिकवलेली दिशा आणि गाडीची दिशा वेगळी असेल तर गिअर उतरण्याऐवजी वाढतो. इंजिनचा रोध कमी होतो, गाडी मोकळी धावते, आणि स्वाराला ते कळेपर्यंत ते साडेसोळा मीटर संपलेले असतात.

उलट चूक इंजिनवर येते. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ९,००० फेऱ्यांवर आहे आणि स्वाराला चौथा हवा आहे, असं समजू. पायाने चुकीच्या बाजूला काम केलं आणि दुसरा पडला. दुसऱ्याचं गुणोत्तर तिसऱ्याच्या १.३ पट असेल तर क्लच सुटताच चाक इंजिनला ११,७०० फेऱ्यांवर खेचू पाहतं. रेव्ह लिमिटर इथे उपयोगाचा नसतो. तो ठिणगी किंवा इंधन तोडतो, पण इंजिनला फिरवत असतं ते मागचं चाक, आणि चाकाला तो थांबवू शकत नाही. व्हॉल्व्ह पिस्टनला लागण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. त्याआधी मागचं चाक कचकन अडखळतं, आणि वळणावर असेल तर गाडी पायाखालून निघून जाते. नव्या गाड्यांतल्या स्लिपर क्लचने हा हिसका सौम्य होतो, नाहीसा होत नाही.

हा धोका फक्त गाडीत बदल करून घेणाऱ्यांचा नाही. रोजची स्प्लेंडर चालवणारा एखादा गडी मालकाच्या पल्सरवर बाजारात जातो, कॉलेजची पोरं एकमेकांच्या गाड्या फिरवतात, गोव्यात सुट्टीला गेलेला माणूस काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची गाडी घेऊन थेट किनाऱ्याच्या गर्दीत शिरतो. वाहन परवान्यात ‘गिअरसह मोटरसायकल’ एवढा एकच वर्ग आहे. गिअर कोणत्या दिशेने पडतात, पहिला कुठे आहे, हे परवान्याला दिसत नाही आणि आठच्या आकड्याच्या चाचणीतही तपासलं जात नाही.

मग निवड कोणती?

जो महिन्यातून काही दिवस ट्रॅकवर जातो, डाव्या वळणातून बाहेर पडताना ज्याचा बूट खरोखर घासतो, आणि ज्याची ट्रॅकची गाडी घरच्या कामाला वापरली जात नाही, त्याने उलटी मांडणी जरूर घ्यावी. त्याने ती एकदाच घ्यावी आणि कायम ठेवावी. शक्य असेल तर रस्त्यावरच्या गाडीवरही तीच करावी, म्हणजे पायाला दोन भाषा बोलाव्या लागणार नाहीत. नव्या मांडणीची सवय आधी मोकळ्या मैदानावर, मग रिकाम्या रस्त्यावर करावी. गर्दीचा रस्ता आणि घाट शेवटी.

जो रस्त्यावरच चालवतो, त्याला उलट्या मांडणीचा फायदा मिळत नाही. रस्त्यावर साठ अंश झुकायचं नसतं, तिथे समोरून एसटी येते. ‘एक खाली, बाकी वर’ मांडणी त्याला एक खात्री देते: घाबरलेला पाय दाबत गेला तरी शेवटी पहिलाच गिअर सापडतो. शिवाय त्याची गाडी मित्राने, भावाने, मेकॅनिकने चालवली तरी तिचे गिअर कोणाच्या पायाला अनोळखी वाटत नाहीत. आणि ज्याचा पाय वीस वर्षं स्प्लेंडरवर घडला आहे, त्याने कोणाच्या सांगण्यावरून स्वतःला जुनाट समजू नये. त्याने फक्त एवढं करावं, की दुसऱ्याची गाडी हातात घेतली तर ती सुरू करण्याआधी उभ्या गाडीवर क्लच दाबून गिअर टाकून-काढून पाहावेत.

घरात दोन तऱ्हांच्या गाड्या असतील तर दुसरी घेताना दिशेचा विचार किमतीइतकाच गंभीरपणे करायला हवा. नवी गाडी देताना विक्रेत्याने आधीच्या गाडीची चौकशी करावी आणि नव्या गाडीचे गिअर कसे पडतात ते ग्राहकाला गाडीवर बसवून दाखवावं. भाड्याने गाडी देणाऱ्यांनी टाकीवर गिअरचा क्रम छापलेला छोटा स्टिकर लावावा. खर्च काही रुपयांचा आहे. परिवहन खात्याने दुचाकीच्या चाचणीत ‘या गाडीचा पहिला गिअर कुठे आहे?’ एवढा एक प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर त्यासाठी नवा कायदाही लागणार नाही.

या दिवाळीत पाहुणे येतील, भाचे-पुतणे किल्ली मागतील. किल्ली देताना पेट्रोल किती आहे ते आपण सांगतोच. त्याच्या आधी पहिला गिअर वर आहे की खाली, तेही सांगा.